परत्या

शाळेच्या पत्र्याच्या पेटीत एक पुस्तक होतं,
पाठीला खळीचा वास, शेवटची पानं उंदरानं नेलेली.
त्यातल्या मुलीकडे तट्टू होतं,
तट्टाला तबेला, तबेल्याला हिरवं दार,
साखरेचे चौकोनी खडे
आणि दर रविवारी कुंपणावरून उडी.
मी ते इतक्यांदा वाचलं
की इंगोले सर म्हणाले,
"वच्छे, बाकीच्या पोट्ट्यायलेही राहू दे थोडं."

मृगाच्या आधी मामानं तट्टू आणलं.
चिखलदऱ्याचं. देवी पॉइंटवर अकरा वर्षं
पाहुण्यांना पाठीवर फिरवलेलं.
रंग चिंचोक्याचा, एक कान कातरलेला,
आयाळीत अजून एक गुलाबी रिबीन, कळकट.
"परतवाड्याच्या बाजारात सस्त्यात भेटलं," मामा म्हणाला,
"खाते कमी. बोलत तं नाहीच."

तबेला नव्हता. म्हशीशेजारी
तुराट्यांचा आडोसा केला.
तळहातावर गुळाचा चुरा धरला,
तेव्हा त्याच्या ओठांची जी गुदगुली झाली
ती पुस्तकात कुठेच लिहिलेली नव्हती.

शाळा पलीकडच्या गावात.
पहिल्या दिवशी ऐटीत निघालो,
ग्रामपंचायत, पाण्याची टाकी, सोयाबीनचं वावर,
आणि कडुनिंबापाशी तट्टू थांबलं.
जरा वेळ उभं राहिलं, मान किंचित डावीकडे,
आणि वळलं.
ओढलं. चुचकारलं. रडले.
ते आपलं ठाम पावलांनी घरी.
दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तोच कडुनिंब.
पोट्टे पाटावर बसून ओरडले,
"परतवाड्याहून आलं, परतच जाईन!"
तेव्हापासून तो परत्या.

मामा विडी विझवत म्हणाला,
"त्याले तेवढंच येते, वच्छे. एक फेरी.
पॉइंटापर्यंत जा, फोटो काढू दे, माघारी फिर."

चौथ्या दिवशी तो थांबला,
तेव्हा मी फोटोपुरती हसले, समोर कुणीच नसताना.
उतरले. दप्तर सावरलं.
हवेतले पन्नास रुपये मोजून दिले
आणि नव्यानं बसले, दुसरं गिऱ्हाईक होऊन.
परत्या चालू लागला. शाळेकडे.

शाळेपर्यंत चार फेऱ्या भरायच्या.
कडुनिंबापर्यंत मी वच्छी,
कॅनॉलपर्यंत काळा चष्मा लावलेली नागपूरची बाई,
पुढे नवे नवे नवरा-बायको, दोघंही मीच,
आणि शेवटी वाघाला भिणारं लहान पोर.
फाटकापासून तो एकटा मागे जायचा.
चार वाजता मी पायी.

तान्ह्या पोळ्याला त्याला न्यायचं ठरवलं.
लाकडी बैलांची रांग, चाकांची कुरकुर, बेगड, झुली,
मिशा काढलेली पोरं,
आणि शेवटी आम्ही, 
शिंगांच्या जागी आंब्याची पानं बांधून.
पंच म्हणाले, "हा बैल नाही."
"नाही."
"लाकडाचाही नाही."
"नाही."
"चाकं तरी?"
मी खाली वाकून पाहिलं. "पाय आहेत," म्हटलं. "चार."
पंच हसले, कुजबुजले,
माइकवर माझं नाव आलं, उत्तेजनार्थ, कंपासपेटी.

पण तोरणापासून पारापर्यंत
बरोब्बर एक फेरी भरते.
परत्या थांबला. सरपंचाच्या पुतण्याकडे
यंदा खरोखरचा कॅमेरा होता.
परत्यानं मान डावीकडे केली. फोटो निघाला.
आणि आम्ही वळलो,
बक्षिसाकडे पाठ करून, अख्ख्या गावाच्या मधून.
मी लगाम ओढला नाही.

कंपासपेटी सरांनी सोमवारी दिली.
आत कर्कटक नव्हतं.

फोटोत परत्या स्वच्छ आलाय, कातरलेल्या कानासकट.
मी फक्त गळ्यापर्यंत.
तो फोटो त्या पुस्तकाला मागून चिकटवला,
जिथं पानं नव्हती तिथं, खळीनं.
आता तोही उंदरानं नेला असेल.